रामलिंगाची वाट आणि श्रावणाचा पाऊस

श्रावण लागला की आम्हा ढोकीकरांचे लक्ष येडशीच्या डोंगराकडे लागते. बालाघाटाच्या कुशीत, ओढ्याच्या वेढ्यात वसलेले श्रीरामलिंगाचे स्थान हे या पंचक्रोशीचे श्रद्धास्थान होय. सीतामाईसाठी रावणाशी झुंजून घायाळ झालेल्या जटायूची तहान प्रभू रामचंद्रांनी येथे बाण मारून काढलेल्या पाण्याने भागविली, अशी या परिसराची परंपरागत श्रद्धा आहे. सोमवारला लागून सुट्टी आली म्हणजे आमच्या मंडळीत पायी दर्शनाचा बेत ठरतो. पहाटे निघावे, कसबे तडवळ्यावरून येडशी गाठावी, तिथून रामलिंगाच्या दरीत उतरावे आणि दिवेलागणीपर्यंत घरी परतावे, असा हा एका दिवसाचा कार्यक्रम. आणि दरवर्षी आदल्या सायंकाळी आभाळ भरून आले की तोच प्रश्न समोर उभा राहतो: निघावे की न निघावे?

या प्रश्नाचे उत्तर आम्ही पुष्कळ वर्षे चुकीच्या जागी शोधत होतो, असे आज नम्रपणे म्हणावेसे वाटते. निघण्याचा निर्णय आम्ही उत्साहावर सोडत होतो आणि परतण्याचा निर्णय घेतच नव्हतो. वस्तुतः पावसाळ्यातील पदयात्रेत दुसरा निर्णय पहिल्याहून महत्त्वाचा आहे.

पावसाला वाईट कोण म्हणेल?

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पाऊस पडतो आहे एवढ्यावरून ‘हवा खराब आहे’ असे म्हणण्याचा आम्हास अधिकार नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसे आमच्या घरांत होती. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरकडे पिण्याचे पाणी घेऊन जाणारी रेल्वे आमच्या ढोकीवरूनच गेली. ज्या मुलखाने रेल्वेने वाहून नेलेले पाणी पाहिले, त्याने श्रावणसरीकडे पाहून कपाळाला आठी घालणे हा कृतघ्नपणा ठरेल. पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन, काळ्या मातीचा चिखल पायांना लेवून, भिजत भिजत महादेवाला जाण्यात जो आनंद आहे, तो मोटारीच्या काचेआडून मिळत नाही. मेघ दिसताच बेत मोडणारी माणसे मुलांना निसर्ग दाखवीत नाहीत, निसर्गाचे भय तेवढे दाखवितात.

परंतु याच मुलखाने दुसरे रूपही पाहिले आहे. २०२५ च्या सप्टेंबरात, नवरात्राच्या तोंडावर, आपल्याच जिल्ह्यात परंडा आणि भूम भागात पुराने वेढलेल्या माणसांना बाहेर काढण्यासाठी हेलिकॉप्टर आणावे लागले. ज्या पाण्यासाठी आपण देवाला साकडे घालतो, तेच पाणी वाटेत आडवे येते तेव्हा त्याला मान द्यावा लागतो. सरींना भिऊ नये, ओढ्याला भ्यावे, हे आम्ही शिकलो. पण सहजासहजी शिकलो नाही.

आमच्या हातून घडलेली चूक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणातील तिसरा सोमवार होता. आम्ही एकोणतीस माणसे निघालो होतो. त्यांत आजीबाई होत्या, शाळकरी मुले होती, आणि मुगाची शिवामूठ पदरात बांधून घेतलेल्या दोन नवविवाहिता होत्या. रात्रभर पडलेला पाऊस पहाटे थांबला होता. आभाळ उघडलेले पाहून सर्वांस हुरूप आला. मधल्या पाणंदीने गेलो तर वाट जवळ पडते, म्हणून तिकडे वळलो, आणि एका ओढ्यापाशी येऊन थबकलो.

आमच्या डोक्यावर ऊन पडले होते, तरी ओढ्याचे पाणी गढूळ होते आणि त्यावरून काटक्या-पाचोळा वाहत येत होता. वरच्या अंगाला पाऊस चालू असल्याची आणि पाणी चढत असल्याची ती खूण होती. शेतकऱ्याच्या पोराला ती कळते. आम्हासही कळली होती. एका आजीबाईंनी ‘थोडे थांबू या’ असे म्हटलेदेखील. परंतु दर्शनाला उशीर होईल, माघारी फिरलो तर संकल्प मोडेल, या विचाराने आम्ही ‘हर हर महादेव’ म्हटले आणि ‘चला’ असा शब्द दिला. तो शब्द आमचा होता, हे येथे लपवीत नाही.

पुढे झालेला तरुण मुलगा मध्यावर घसरला. पाणी त्याच्या गुडघ्याच्या थोडेसेच वर होते, तरी त्याला उभे राहता येईना. सुदैवाने काठावरच्या बाभळीची फांदी त्याच्या हाती लागली. चौघांनी धोतरे एकमेकांस बांधून त्याला ओढून काढले. त्याची आई आमच्यातच होती. त्या माउलीने आम्हास एका शब्दाने बोल लावला नाही. ती काठावर बसून मुलाचा सदरा पिळत होती, आणि तिचे हात थरथरत होते.

आम्ही जवळच्या वस्तीवरील महादेवाच्या लहानशा देवळात थांबलो. शिवामूठ तेथेच वाहिली गेली. पुढे जे दिसले ते आम्ही जन्मभर विसरणार नाही. तीन तासांनी तोच ओढा घोट्याएवढ्या पाण्याने खळखळत वाहत होता! डोंगरउताराचा ओढा झपाट्याने चढतो आणि पाऊस थांबला की बहुधा लवकर उतरतोही. आम्हास फक्त थांबायचे होते. थांबण्यासाठी लागणारा वेळ मात्र आमच्या बेतात कोठेच नव्हता. तोवर दिवस कलला होता. आम्ही माघारी आलो आणि पुढल्या सोमवारी रामलिंगाचे दर्शन घेतले. देव तेथेच होता.

परंपरा काय सांगते?

‘मग श्रद्धा कोठे राहिली? देवाच्या वाटेवर देवच राखील,’ असे काही वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यांच्या भक्तीविषयी आम्हास नितांत आदर आहे. तथापि ‘देव राखील’ हे वाक्य माणसाने स्वतःपुरते म्हणावे. दुसऱ्याच्या लेकराच्या वतीने ते म्हणण्याचा अधिकार कोणास नाही.

आपल्या परंपरेनेही पावसाचा विचार फार पूर्वी केलेला आहे. सदैव फिरत राहणाऱ्या संन्याशानेही चातुर्मासात एका ठिकाणी राहावे, असा दंडक आहे. भर पावसात जिवाणूंची हिंसा होते आणि वाटा दुर्गम होतात, हे त्यामागील कारण. ज्या आषाढी एकादशीला वारकऱ्यांची मोठी वाटचाल पंढरीत विसावते, त्याच दिवशी चातुर्मास सुरू होतो.

आणि वारी म्हणजे नुसता उत्साह नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला जी शिस्त लावली, ती आजही पाहण्यासारखी आहे. पहाटे कर्णा तीनदा वाजतो. पहिल्याने आवराआवर, दुसऱ्याने सज्जता, तिसऱ्याने प्रस्थान. सायंकाळी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की सर्वत्र शांतता पसरते. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते, आणि तिचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. केवढी ही दूरदृष्टी! लाखोंच्या समुदायात एका दिंडीचा टाळ ऐकला जातो, आणि आम्ही एकोणतीस माणसांत एका आजीबाईंचा शब्द ऐकला नाही.

२०२० साली साथीच्या संकटात संतांच्या पादुका एसटी बसने पंढरीस नेण्यात आल्या. वारी मोडली असे कोणी म्हटले नाही. कठीण प्रसंगी आचाराचे रूप बदलते, भाव बदलत नाही, हाच आपद्धर्माचा अर्थ होय.

बेत कसा असावा?

त्या सोमवारनंतर आमच्या मंडळीने काही नियम स्वीकारले. ते वाचकांच्या उपयोगी पडावेत म्हणून येथे देत आहोत.

आदल्या सायंकाळी सर्वांनी देवळात एकत्र बसावे आणि निघण्याचा एक प्रमुख नेमावा. तो सर्वांत वडील किंवा सर्वांत हौशी असलाच पाहिजे असे नाही. ‘नको’ म्हणण्याचे धैर्य त्याच्या अंगी हवे. हवामान खात्याचा इशारा पाहावा. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर चर्चा न करता बेत पुढच्या सोमवारवर टाकावा. वाटेवरच्या गावात ओळखीच्या माणसाला ओढ्याचे पाणी विचारावे. त्याचा एक शब्द चार अंदाजांहून खरा ठरतो.

परतण्याची जागा आणि वेळ निघण्यापूर्वीच ठरवावी. अमुक वेळेपर्यंत अमुक ठिकाण गाठले नाही तर माघारी, हे संकल्पातच सांगून टाकावे, म्हणजे संकल्प मोडल्याचे शल्य राहत नाही. दोन-तीन तास थांबता येईल एवढी सवड बेतात हवीच. पुलावरून किंवा फरशीवरून पाणी वाहत असेल तर कितीही उथळ दिसले तरी उतरू नये. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो.

विजा कडाडू लागल्या तर झाडाखाली अथवा मोकळ्या रानात थांबू नये. पक्के घर किंवा देऊळ जवळ करावे. ‘दामिनी’ नावाची सूचना देणारी सोय आता मोबाइलवर मिळते. तरुणांनी ती ठेवावी. अनवाणी चालण्याचा नेम असणाऱ्यांनी चिखलात व गवतात हातची काठी सोडू नये. लहान मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि मधुमेहासारख्या व्याधींवर औषध घेणारी माणसे यांनी उपाशीपोटी चालण्याचा आग्रह धरू नये. त्यांना उपवासात मोकळीक देण्याची आपली जुनीच रीत आहे. ज्यांना चालवत नाही त्यांनी येडशीपर्यंत एसटीने यावे. त्यांचे पुण्य कमी होत नाही. प्रत्येकाला एक जोडीदार असावा आणि प्रत्येक मुक्कामावर माणसे मोजावीत. सर्वांत मागे चालणाऱ्याचा वेग तोच सर्वांचा वेग.

गोरोबाकाकांच्या मातीतून

आम्ही ढोकीकर तेरच्या शेजारी राहतो. श्रीगोरोबाकाकांची कथा येथे घरोघरी सांगितली जाते. नामस्मरणात देहभान हरपलेल्या काकांच्या पायांखाली, चिखल तुडवीत असता, त्यांचे स्वतःचे लेकरू आले. पुढे पांडुरंगाच्या कृपेने ते परत मिळाले, आणि आपण सारे सद्गदित होतो. पण त्या दोन प्रसंगांच्या मध्ये एका आईचा आकांत आहे, हे आपण सहसा विसरतो. संतांना त्यांच्या योग्यतेने जे लाभले, त्याच्या भरवशावर सामान्यांनी पाय टाकू नयेत. संतचरित्रातील चमत्कार हा आपल्या हलगर्जीपणाचा जामीन नव्हे. पायांखाली काय आहे, हे पाहत नाम घेणे हीच आपल्यासारख्यांची भक्ती.

म्हणून या श्रावणातही सोमवारी आम्ही निघणार आहोत. सरी आल्या तर भिजू. ओढा आडवा आला तर काठावर बसून त्याच्या उतरण्याची वाट पाहू, आणि तो उतरला नाही तर तेथूनच डोंगराच्या दिशेने हात जोडून माघारी फिरू. सकाळी उंबऱ्याबाहेर पडलेले प्रत्येक माणूस सायंकाळी त्याच उंबऱ्याच्या आत यावे, हेही यात्रेचेच फळ आहे. ते सर्व घरांना लाभो, हीच श्रीरामलिंगचरणी प्रार्थना.