लसपीडितांचे दायित्व कोणाचे?

कोरोनाच्या लसीकरणात आपल्या देशाने २२० कोटींहून अधिक मात्रा दिल्या. पुण्यात तयार झालेली कोव्हिशील्ड आणि पूर्णतः स्वदेशी कोव्हॅक्सिन यांनी असंख्य प्राण वाचविले, हे नाकारणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही. भरपाईच्या दायित्वातून मुक्त करा, ही फायझरची मागणी भारताने मान्य केली नाही, याचाही अभिमान आहे. मात्र विदेशी कंपनीला दायित्व टाळू न देणाऱ्या राष्ट्राने आपल्याच घरातील पीडितांना काय उत्तर द्यावे?

२०२१ च्या जानेवारीत आरोग्यसेवक या नात्याने लस घेतलेल्या मराठवाड्यातील एका तरुण डॉक्टर कन्येचा मार्चमध्ये मृत्यू झाला. तो लसीमुळेच झाला, असा तिच्या पित्याचा दावा असून त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात एक हजार कोटींची भरपाई मागितली. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने सीरम इन्स्टिट्यूट, केंद्र व राज्य शासन आणि बिल गेट्स यांना नोटीस बजावली. आकडा पाहून अनेकांनी नाके मुरडली. आकडा बाजूला ठेवू. त्या पित्याने जावे तरी कोठे, हा प्रश्न उरतोच.

अशाच अन्य एका प्रकरणात केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले. लसीकरण ऐच्छिक होते. ज्यांची हानी झाली त्यांनी दिवाणी न्यायालयात जावे, असा त्याचा आशय. कागदावर हे ठीकच. पण ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईच्या लोकलमध्ये चढण्यासाठी दोन मात्रांची अट होती. नोकरीवर जाणाऱ्या चाकरमान्याला ‘ऐच्छिक’ शब्दाचा अर्थ कोणी समजावून सांगावा? शिवाय दिवाणी दाव्यात सामान्यतः कोणाचा तरी हलगर्जीपणा सिद्ध करावा लागतो. क्वचित कोणाला रक्ताच्या गुठळ्यांचा घातक विकार होऊ शकतो, हे ॲस्ट्राझेनेकाने २०२४ मध्ये ब्रिटिश न्यायालयात मान्य केले. तेथे बहुधा कोणाचीच चूक नसते, आणि माणूस मात्र जातो.

पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९५३ मध्ये देवीच्या लशीच्या प्रकरणात एक तत्त्व मांडले: समाजाच्या हितासाठी ज्याच्या देहाला झळ पोहोचली, त्याची भरपाई समाजाने करावी. त्यागाच्या भरपाईचे हे तत्त्व १९६१ मध्ये कायद्यात आले. ब्रिटनने १९७९ मध्ये, अमेरिकेने १९८६ मध्ये असे कायदे केले. समष्टीसाठी व्यक्तीने झिजावे, हे संस्कार ज्या भूमीत बालपणापासून होतात, तेथे हे तत्त्व परके वाटू नये.

आपल्या कायद्यालाही ते अपरिचित नाही. धावत्या गाडीतून अपघाताने पडून प्रवासी दगावला, तर रेल्वेची चूक सिद्ध न करताही त्याच्या वारसांना १९८९ च्या रेल्वे अधिनियमाखाली भरपाई मिळते. ते दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाचे पीठ नागपुरातही आहे. कोव्हॅक्सिनच्या चाचण्या २०२० मध्ये याच नगरीत झाल्या. चाचणीत सहभागी स्वयंसेवकाला त्यामुळे इजा झाल्यास २०१९ च्या नियमांनुसार भरपाई देय असते. मग तीच लस पुढे शासनाच्या आवाहनावरून घेणाऱ्याने कोणता अपराध केला?

न्यायालये काय सांगायचे ते सांगतील. कायदा संसदेने करावयाचा असतो. तज्ज्ञांनी कार्यकारणभाव तपासावा, खोटे दावे फेटाळावेत, खऱ्यांना ठरावीक मुदतीत रक्कम द्यावी. निधीची अडचण सांगण्यात अर्थ नाही. अमेरिकेत बालकांच्या नेहमीच्या लशींवर, मात्रा ज्या रोगांना रोखते त्या प्रत्येक रोगामागे, ७५ सेंट कर आकारला जातो आणि भरपाई त्यातूनच दिली जाते. आपल्याकडे मात्रेमागे एखादा रुपया जरी बाजूला काढला असता, तरी २२० कोटी जमले असते.