स्वस्त विमा आणि दुसऱ्याचा हक

गेल्या महिन्यात जुम्म्याची नमाज आटोपून नालासोपाऱ्याच्या मशिदीबाहेर चपला शोधत होतो, तेवढ्यात शेजारच्या इमारतीतला एक मुलगा धावत आला. दुबईत सहा वर्षं नोकरी करून परतलेला, कष्टाळू, घरच्यांचा आधार. म्हणाला, "चाचा, गाडी घेतली. चला, दाखवतो." कोपऱ्यावर गाडी उभी होती. दोन दारांची, जमिनीला टेकलेली, लालभडक जर्मन स्पोर्ट्स कार. नऊ वर्षं जुनी, दोन हजार सीसीची, तिसऱ्या हाताने आलेली. आमच्या गल्लीतल्या गतिरोधकावरून ती कशी जाते हा प्रश्न मी गिळला. त्याने मात्र त्याचा प्रश्न लगेच विचारला, "फुल इन्शुरन्सचे साठ हजार सांगतात. तुमची विम्यात ओळख आहे ना? कुठे स्वस्तात बसेल?"

माझी ओळख म्हणजे विम्याच्या कार्यालयात काढलेली काही वर्षं. त्या ओळखीवर त्याला जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहितो आहे. हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. स्पोर्ट्स बाईक घेणारी पोरं हेच विचारतात, टेम्पोवालेही हेच विचारतात. सगळ्यांना विमा स्वस्त हवा आहे. तो कोणासाठी असतो, हे मात्र कोणीच विचारत नाही.

थर्ड पार्टी हा शब्द आपण रोज वापरतो. पहिला पक्ष गाडीचा मालक, दुसरा विमा कंपनी. तिसरा पक्ष म्हणजे रस्त्यावरचा तो माणूस, ज्याला तुमच्या गाडीने धडक दिली. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ ने सक्ती केली आहे ती या तिसऱ्या माणसासाठी. तुमची गाडी चेपली तर ती दुरुस्त करायची की तशीच फिरवायची, हे तुमचं तुम्ही बघा, असं कायदा म्हणतो. पण तुम्ही कोणाचा पाय मोडलात, कोणाचा बाप मारलात, तर त्याची भरपाई तुमच्या खिशातल्या पैशांवर अवलंबून राहू देणार नाही. म्हणून मृत्यू आणि दुखापतीच्या बाबतीत या विम्याला रकमेची मर्यादा नाही. न्यायाधिकरण ठरवेल तेवढी रक्कम कंपनीने द्यायची.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. माझा मावसभाऊ वसईत रिक्षा चालवायचा. महामार्गावर सातिवलीजवळ एका गाडीने त्याला मागून उडवलं. सहा महिने अंथरुणावर होता, एक पाय कायमचा आखूड झाला. गाडीवाला सापडला, नंबर सापडला, पोलिसांचे कागद झाले. फक्त विमा सापडला नाही. त्याची मुदत एकोणीस दिवसांपूर्वी संपली होती. "स्वस्त कुठे मिळतो ते बघत होतो," असं मालकाने सांगितलं. न्यायाधिकरणाने भरपाई मंजूर केली, पण ती मालकाने द्यायची होती आणि त्याच्या नावावर ना घर होतं ना दुकान. कलम १७४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करता येते. पण नावावर काही असेल तर वसुली. पळून गेलेल्या अज्ञात वाहनाने मारलं असतं तर सरकारी योजनेतून थोडी तरी रक्कम मिळाली असती. आमच्या भावाला मारणारा अज्ञात नव्हता, फक्त विम्याशिवायचा होता. त्याची रिक्षा विकली गेली, मुलीचं कॉलेज सुटलं. एकोणीस दिवसांत कोणाचा तरी थोडा हप्ता वाचला, आणि एका घराची दहा वर्षं गेली.

देशातल्या रस्त्यांवर धावणाऱ्या निम्म्याहून अधिक वाहनांना आज विमा नाही. त्यात सर्वांत जास्त दुचाक्या. म्हणजे वसई फाट्यावर रस्ता ओलांडताना समोरून येणाऱ्या दोन वाहनांपैकी एक तुमची जबाबदारी घेतलेलं नाही, असं समजून चाला.

आता आपल्या घरातल्या एका सबबीबद्दल. "विमा हराम आहे, म्हणून मी कमीत कमीचा काढतो," हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे. सांगणारा माणूस बँकेच्या कर्जावर गाडी घेतो, व्याज भरतो, आणि धर्म नेमका विम्याच्या खिडकीशी त्याला आठवतो. फिक्हची चर्चा मी हलकी लेखत नाही. व्यापारी विम्यात अनिश्चितता, जुगार आणि व्याज यांचा अंश आहे, असं म्हणत जेद्दाच्या फिक्ह अकादमीने १९८५ साली तो नाकारला. पण त्याच ठरावात परस्पर सहकार्यावर उभ्या विम्याचा पर्यायही पुढे केला. मलेशियाने तर त्याआधीच, १९८४ साली, तकाफुलचा कायदा केला. तिथे गाडीचा तकाफुल ही रोजची गोष्ट आहे. भारतात तकाफुलचा परवाना असलेली कंपनी नाही. म्हणून कायद्याची सक्ती लक्षात घेऊन इथले अनेक उलेमा थर्ड पार्टी विम्याला परवानगी देतात.

माझा मुद्दा मात्र परवानगीच्या पुढचा आहे. चुकून माणूस मारला गेला तर वारसांना दियत द्यावी लागते, हे कुरआनात सूरह निसामध्ये आहे. ती रक्कम एकट्या गरीब माणसाला झेपणार नाही, म्हणून त्याचं कुळ, त्याची आकिला, मिळून ती भरायची. मदीनेच्या करारात एकेका कबिल्याने आपापली दियत मिळून द्यावी, अशी तरतूद आहे. म्हणजे एकाच्या चुकीचा भार अनेकांनी वाटून घ्यायचा आणि मेलेल्याच्या घराला उपाशी ठेवायचं नाही. थर्ड पार्टी विम्याचा हेतू याहून वेगळा आहे का? आज तुमचं कुळ तुमची दियत भरायला येणार नाही. मग तुम्ही स्वतःची सोय न करता रस्त्यावर दीडशेच्या वेगाने निघता, ती कुठली परहेजगारी? हा मामला अल्लाह आणि बंद्यामधला नाही. हे हुकूक-उल-इबाद आहेत, बंद्यांचे हक. ते बुडवले तर ज्याचा हक बुडाला त्यानेच माफ करावे लागतात, हे आपल्याला लहानपणी शिकवलेलं आहे.

मुलाकडे परत येतो. मी सांगायच्या आधीच त्याला एका दलालाने स्वस्ताईचे चार मार्ग दाखवले होते. पहिला मार्ग, जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्या नावावर दाखवायचा. हा बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. गाडी विकली की तो जुन्या मालकाबरोबर जातो. खोटं सांगून ५० टक्के सूट घेतली, तर क्लेमच्या दिवशी कंपनी हेच काढते. दुसरा मार्ग, गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, निम्म्यावर आणायची. पाच वर्षांहून जुन्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, त्यामुळे हे सहज होतं. मग गाडी चोरीला गेली की तेवढेच हातात येतात. तिसरा मार्ग, बदललेला सायलेन्सर आणि रुंद चाकं कंपनीला सांगायचीच नाहीत. कायद्याच्या कलम ५२ ने असे बदल आधीच मना केलेत, वर लपवले म्हणून क्लेमही अडतो. चौथा मार्ग मला सर्वांत संतापजनक वाटतो. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचं संरक्षण साडेसात लाखांवरून सहा हजारांवर आणायचं. त्यात हप्ता वाचतो शंभर रुपयांच्या आसपास. शंभर रुपयांसाठी तुम्ही कोणाचं तरी दुकान, कोणाची तरी रिक्षा उघड्यावर टाकायची! चहा-वड्यापेक्षा थोडं जास्त, एवढीच ती बचत.

प्रामाणिकपणे हप्ता कमी करता येत नाही का? येतो. क्लेमच्या वेळी पहिले काही हजार रुपये स्वतः भरायची तयारी दाखवली की स्वतःच्या नुकसानीचा हप्ता उतरतो. गाडी फक्त रविवारी निघणार असेल तर चालवाल तेवढ्या किलोमीटरचा विमा घ्या. जुलै २०२२ मध्ये विमा नियामकाने त्याला परवानगी दिली आहे. मान्यताप्राप्त चोरीविरोधी उपकरणावर थोडी सूट आहे. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत पॉलिसीही नावावर करण्यासाठी अर्ज द्या, नाहीतर तुमच्या नुकसानीचा क्लेम जुन्या मालकाच्या नावावर अडकतो. आणि वसई-विरारमध्ये राहत असाल तर एका गोष्टीवर काटकसर करू नका, ती म्हणजे इंजिन संरक्षण. जुलै २०१८ मध्ये इथले रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या, मिठागरांत माणसं अडकली. पाण्यात गाडी चालू करायला गेलात आणि इंजिनात पाणी शिरून ते निकामी झालं, तर साधा विमा त्याला तुमचीच चूक मानतो. जमिनीपासून वीतभर उंचीच्या गाडीला नालासोपारा पूर्वचा एक पाऊस पुरतो. नुसत्या थर्ड पार्टीत तर पूर नाही, आग नाही, चोरी नाही आणि दंगलीत जाळलेली गाडीही नाही. आपल्यासारख्यांनी हे शेवटचं तरी विसरू नये.

इथपर्यंत मी मुलाला बोललो. आता सरकारला बोलतो, कारण स्वस्ताईचा खरा घोटाळा त्याच्या दरपत्रकात आहे.

थर्ड पार्टीचा हप्ता कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवतं. जून २०२२ पासून लागू झालेल्या पत्रकात १५०० सीसीवरच्या प्रत्येक खासगी मोटारीला वर्षाला ७,८९७ रुपये आहेत. मुलाच्या गाडीला ७,८९७, कुटुंबाला घेऊन अजमेरला जाणाऱ्या इनोव्हाला ७,८९७ आणि फेरारीलाही ७,८९७. विजेवरच्या गाड्यांत ६५ किलोवॅटच्या वर सगळ्यांना ६,७१२, म्हणजे नेक्सॉन आणि पोर्शे टायकान एकाच रांगेत. आता आपल्या स्टँडवर या. रिक्षाला मूळ रक्कम वेगळी आणि प्रत्येक प्रवाशामागे वेगळी, सगळं मिळून हिशेब सहा हजारांच्या घरात जातो. बाराशे सीसीच्या टॅक्सीचा अकरा-बारा हजारांच्या घरात. म्हणजे विरारचा टॅक्सीवाला फेरारीच्या मालकापेक्षा जास्त भरतो आणि रिक्षावाला त्याच्या जवळपास.

यावर उत्तर ठरलेलं आहे. टॅक्सी-रिक्षा दिवसभर धावतात, प्रवासी वाहतात, त्यांचे क्लेम अधिक. हे खरं आहे, आणि मीही कार्यालयात बसून ग्राहकांना हेच सांगत आलो. पण मग धोक्याप्रमाणे दर हे तत्त्व रिक्षाच्या स्टँडवरच का थांबतं? अडीचशे किलोमीटरचा वेग गाठणारी गाडी आणि इनोव्हा यांचा धोका सारखा कसा? वीस वर्षांत एकही चलान नसलेला माणूस आणि दर शनिवारी रात्री महामार्गावर शर्यत लावणारा पोरगा, दोघांचा थर्ड पार्टी हप्ता पैशाने पैसा सारखाच. नो क्लेम बोनस स्वतःच्या गाडीच्या भागावर मिळतो, तिसऱ्या माणसाला वर्षानुवर्षं सुरक्षित ठेवलं म्हणून काहीच नाही. विमा नियामकाने नेमलेल्या एका गटाने जानेवारी २०२१ मध्ये वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांकडून वेगळा हप्ता घ्यावा, अशी शिफारस केली होती. तो हप्ता आपल्यापैकी कोणी भरला आहे का?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना चिरडलं. सुरुवातीच्या जामिनाची ३०० शब्दांच्या निबंधाची अट सगळ्यांना आठवते. मला दुसरा आकडा आठवतो. त्या गाडीची कायम नोंदणी मार्चपासून रखडली होती, कारण १,७५८ रुपयांचं शुल्क भरलं नव्हतं, असं परिवहन आयुक्तांनी सांगितलं. कोट्यवधींची गाडी आणि न भरलेले १,७५८ रुपये. आपल्या रिक्षावाल्याचं पासिंग चार दिवस उशिरा झालं तर त्याला काय काय ऐकावं लागतं, ते आरटीओच्या दारात उभं राहून बघा. गाडी महाग असली की मालकाला नियम स्वस्त होतात, हा आपल्या राज्याचा अनुभव आहे.

म्हणून मागणी साधी आहे. थर्ड पार्टीचा दर नुसत्या सीसीवर नको. गाडीची ताकद आणि चालकाची चलानं त्यात धरा. वेगवान गाड्यांकडून जास्त घ्या, आणि ज्याने अनेक वर्षं कोणाला ओरखडाही काढला नाही अशा रिक्षावाल्याचा हप्ता उतरवा. विमा नसलेलं वाहन पकडलं की पहिल्यांदा दोन हजार दंड घेऊन सोडून देणं बंद करा. तिथेच विमा काढायला लावा, मगच गाडी हलू द्या. आणि आमच्या जमातींनी, मस्जिद कमिट्यांनी, एका जुम्म्याच्या बयानात विमा हलाल की हराम या वादाच्या जोडीला दियतीचा अर्थही सांगावा. लायसन्स नसलेल्या पोराच्या हातात चावी देणाऱ्या बापाला कलम १९९अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हेही त्यात येऊ द्या.

मुलाने सगळं ऐकलं. मग हळूच म्हणाला, "चाचा, म्हणजे साठ हजार भरायचेच?" मी म्हटलं, खोटा बोनस न दाखवता, पहिले पंधरा हजार स्वतः सोसायची तयारी ठेवून आणि किलोमीटरवर घेऊन जरा कमी होतील, पण दहा हजारांत होणार नाही. तेवढेही जड जात असतील तर गाडी जड आहे. गाडी घेताना किंमत विचारलीस, तेव्हाच हप्ता विचारायचा होतास.

तो थोडा रुसला. दोन दिवसांनी मात्र त्याचा फोन आला. पॉलिसी झाली होती, दुसऱ्याच्या मालमत्तेचं संरक्षण पूर्ण साडेसात लाखांचं ठेवून. माझा मावसभाऊ शेजारीच बसला होता. त्याला सांगितलं. त्याने आखूड पाय सरळ केला आणि विचारलं, "तारीख कधी संपते, लिहून ठेवली का त्याने?"