मनुष्यत्वाची परीक्षा, दृष्टीचा दाखला

लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात एक लहानसा नियम आहे. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नयेत आणि आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, असा त्याचा आशय आहे. दोघांविषयीची आज्ञा एकाच वचनात आली आहे आणि ती पाळण्यासाठी देवाचे भय बाळगावे असे तेथे सांगितले आहे. हे भय सांगण्याचे कारण उघड आहे. ज्याला ऐकू येत नाही त्याला शिवी कोणी दिली हे कळत नाही. ज्याला दिसत नाही त्याला धोंडा कोणी ठेवला हे सांगता येत नाही. तेथे साक्षीदार एकटा देवच. असा एक धोंडा आज असंख्य दारांत ठेवलेला आहे. तो ठेवणारे सुशिक्षित आहेत, सभ्य आहेत, आणि आपल्या हातून काही गैर घडत आहे हे त्यांच्या स्वप्नीही नसते. ह्या धोंड्याविषयी आम्हांस चार शब्द स्पष्टपणे बोलावयाचे आहेत.

बँकेचे खाते पाहावयाचे असो, परीक्षेचा अर्ज भरावयाचा असो वा सातबारा काढावयाचा असो, आज सर्व कामे संगणकावर किंवा मोबाइलवर होतात. संकेतस्थळ उघडून नाव व परवलीचा शब्द भरला, की पुष्कळ ठिकाणी शेवटी एक चौकट समोर येते. तीत वेडीवाकडी, एकमेकांत गुंतलेली, रेघोट्यांनी खोडलेली अक्षरे असतात आणि ती ओळखून लिहावीत अशी आज्ञा असते. कोठे नऊ छायाचित्रे मांडून त्यांतील मोटारी किंवा सिग्नलचे दिवे दाखवावयास सांगतात. ह्या परीक्षेला कॅप्चा म्हणतात. दाराशी आलेला मनुष्य आहे की यंत्र, हे आपण पारखतो असा तिचा दावा आहे. आमचा आक्षेप ह्या दाव्यालाच आहे. ही परीक्षा पारख डोळ्यांची करते आणि निकाल मनुष्यत्वाचा देते.

आमच्या धर्मग्रामात एक निवृत्त मास्तर आहेत. काचबिंदूमुळे पस्तिशीतच त्यांची दृष्टी गेली. ते ब्रेल शिकले आणि निवृत्तीपर्यंत शिकवीत राहिले. साठीनंतर ते संगणक शिकले. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी स्क्रीन रीडर नावाची प्रणाली असते, तिच्या साहाय्याने ते पत्रे लिहितात, वर्तमानपत्र वाचतात, बायबलमधील उतारे शोधतात. ही प्रणाली अक्षरे वाचते, चित्र वाचू शकत नाही. त्यामुळे आपले निवृत्तिवेतन जमा झाले की नाही हे पाहावयास मास्तर बसले, की ते त्या चौकटीपर्यंत बिनचूक जातात आणि तेथे थांबतात. मग शेजारचा मुलगा येतो, पाच अक्षरे वाचून दाखवितो आणि दार उघडते. दार उघडल्यावर मास्तरांची सारी शिल्लक त्या मुलाच्या डोळ्यांसमोर असते. ‘‘पोरगा चांगला आहे हो,’’ मास्तर आम्हांला म्हणाले, ‘‘पण माझ्या पैशाचा हिशेब मला त्याच्या सवडीने कळतो.’’ ज्यांनी चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या मुलांना गणित शिकविले, त्यांची ही अवस्था.

ह्यावर काही संकेतस्थळांनी एक तोड काढली. चित्राशेजारी कानाचे चिन्ह असते. ते दाबले की आकडे किंवा शब्द ऐकू येतात. परंतु यंत्राला ते कळू नयेत म्हणून त्यांत खरखर व गोंगाट मिसळलेला असतो. उच्चार बहुधा परदेशी इंग्रजीचा असतो. ऐकलेला आकडा लिहावयास जावे तर आपला स्क्रीन रीडर त्याच वेळी बोलू लागतो आणि पुढचा आकडा त्याच्या आवाजात बुडतो. पुन्हा ऐकावे तर आकडे बदललेले! तेवढ्यात मुदत संपते आणि सारा अर्ज पहिल्यापासून भरावा लागतो. आपल्याकडील अनेक संकेतस्थळांवर तर हे कानाचे चिन्हही नाही.

आणि ज्यांना दिसतही नाही व ऐकूही येत नाही, त्यांचे काय? मास्तरांची श्रवणशक्तीही आता मंदावत चालली आहे, म्हणून हा प्रश्न आमच्या घरापर्यंत आला. बधिरांध मनुष्य संगणक वापरू शकत नाही, अशी कोणाची समजूत असेल तर ती चुकीची आहे. संगणकाला जोडावयाची एक पट्टी मिळते. तिच्यावरील बारीक खुंट्या खालीवर होऊन ब्रेलची अक्षरे उमटतात. बोटे फिरवून ओळ वाचावी, की पुढची ओळ उमटते. ह्या पट्टीवर पत्र वाचता येते, कायदा वाचता येतो, हे त्रैमासिकही वाचता येईल. चित्र आणि आवाज मात्र तिच्यावर उमटत नाहीत. संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठी २००८ साली जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली, त्यांनी कॅप्चाला वेगळ्या ज्ञानेंद्रियाचा पर्याय द्यावा असे म्हटले. चित्राला ध्वनीची जोड दिली की ह्या अटीची पूर्तता होते. बधिरांधांसाठी दोन्ही दारे बंदच राहतात आणि कागदोपत्री नियम पाळला जातो.

हेलन केलर ह्यांनी १९०४ साली रॅडक्लिफ महाविद्यालयाची पदवी मिळविली. १९५५ साली त्या भारतात आल्या होत्या. बधिर व बधिरांध मुलांसाठी १९७७ साली मुंबईत स्थापन झालेल्या संस्थेला त्यांचेच नाव आहे. त्या बाई आज एखाद्या कॅप्चापुढे आल्या तर ते चिमुकले यंत्र त्यांना मनुष्य मानावयास तयार होणार नाही. ह्याहून अधिक हास्यास्पद आणि ह्याहून अधिक क्लेशकारक काय असू शकेल?

ज्या कल्पनेतून ही परीक्षा जन्मली, ती मुळात अगदी निराळी होती. इंग्रज गणिती ॲलन ट्युरिंग ह्यांनी १९५० साली यंत्राची बुद्धी पारखण्याची एक रीत सुचविली. परीक्षकाने प्रश्न विचारावेत, उत्तर देणाऱ्याने दुसऱ्या खोलीतून टंकलिखित उत्तरे द्यावीत. रूप दिसू नये व आवाज ऐकू येऊ नये, अशी योजना त्यांनी मुद्दाम केली. शरीराची शक्ती आणि बुद्धीची शक्ती ह्यांची गल्लत होऊ नये हा त्यांचा हेतू होता. ब्रेल वाचणारा बधिरांध मनुष्य ट्युरिंगच्या ह्या परीक्षेत सहज उत्तीर्ण होईल. पुढे २००० साली याहू कंपनीला एक अडचण भेडसावू लागली. यंत्रे तिच्याकडे हजारो खोटी टपालखाती उघडीत होती. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यावर उपाय शोधला आणि त्याच्या नावात ट्युरिंगचे नाव गुंफले. नाव ठेवले, तत्त्व मात्र सोडून दिले. शरीराला बाजूला ठेवणारी परीक्षा शरीराचीच परीक्षा होऊन बसली.

शास्तेच्या बाराव्या अध्यायातील यार्देनेचा उतार वाचकांना आठवत असेल. गिलादी लोकांनी तो अडविला आणि पार होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला एकच शब्द उच्चारावयास लावला. एफ्राईमच्या माणसांना ‘शिब्बोलेथ’मधील ‘श’ म्हणता येईना. ते ‘सिब्बोलेथ’ म्हणत. तेवढ्यावरून बेचाळीस हजार माणसे मारली गेली. जिभेच्या वळणावरून माणूस शत्रू ठरला. कॅप्चाच्या दारात रक्त सांडत नाही हे आम्हांस मान्य आहे. परंतु माणसाच्या एका इंद्रियावरून त्याची सारी ओळख ठरविण्याची रीत तीच आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. पहारा नसेल तर चोर शिरतील, असे सांगतात. पहारा हवाच, पण हा पहारेकरी चोराला ओळखतो काय? गूगल कंपनीने स्वतःच २०१४ साली जाहीर केले, की वेड्यावाकड्या अक्षरांचे अत्यंत अवघड नमुनेही यंत्र ९९.८ टक्के अचूक वाचते. २०२४ साली झुरिक येथील संशोधकांनी त्याच कंपनीची छायाचित्रांची परीक्षा यंत्राकडून पूर्णपणे सोडवून दाखविली. शिवाय पैसे घेऊन ही कोडी सोडवून देणाऱ्या माणसांचा बाजार वर्षानुवर्षे चालू आहे. आपल्या देशातील गरजू माणसेही त्यात राबली आहेत. म्हणजे यंत्र आत जाते, पैसेवाला लबाड आत जातो आणि आमचे मास्तर बाहेर राहतात. असा पहारेकरी कोणता मालक पगार देऊन ठेवील?

दुसरा आक्षेप असा, की कोणाची तरी मदत घ्यावी. मदत मागण्यात कमीपणा नाही. आपण सारेच एकमेकांच्या आधाराने जगतो. परंतु परवलीचा शब्द कोणाला सांगू नका असे बजावणारी संस्थाच अंधाला दुसऱ्याच्या हाती खाते सोपवावयास भाग पाडते, ह्याला मदत म्हणता येत नाही. तिसरा आक्षेप संख्येचा आहे. अशी माणसे कितीशी? २०११ च्या जनगणनेने दृष्टिदोष असलेल्या पन्नास लाखांहून अधिक व्यक्ती मोजल्या. बधिरांधांचा वेगळा रकाना त्या जनगणनेत नव्हताच. आधी मोजावयाचे नाही, आणि मग थोडे आहेत म्हणावयाचे! आणि नव्व्याण्णव मेंढरे सुखरूप असताना एकासाठी रानात जाणारा मेंढपाळ ज्यांचा प्रभू आहे, त्यांनी तरी संख्येचा हिशेब मांडू नये.

उपाय नाहीत असेही नाही. अर्जात डोळ्यांना व स्क्रीन रीडरलाही न जाणवणारा एक रकाना ठेवतात. यंत्र अधाशीपणे तो भरते आणि पकडले जाते. एकाच ठिकाणाहून क्षणात शेकडो अर्ज येऊ लागले तर ते रोखता येतात. ईमेलने किंवा लघुसंदेशाने संकेतांक पाठविला तर तो ब्रेल पट्टीवर वाचता येतो. मात्र बोटांनी वाचणाऱ्याला पुरेल इतकी मुदत द्यावी आणि तो संकेतांक फोनवरून केवळ बोलून दाखवू नये. ह्यांतील कोणताही उपाय एकटा परिपूर्ण नाही. पण दोनतीन एकत्र वापरले तर पहाराही राहतो आणि दारही उघडे राहते.

कायदाही मास्तरांच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला. त्याने बधिरांधत्वाची नोंद घेतली आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सर्वांना सुगम असावा अशी जबाबदारी शासनावर टाकली. सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशी राहून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावले. ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांचा लाभ हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्या प्रकरणात ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया आणि एक अंध गृहस्थ न्याय मागत होते. जिवंतपणाचा पुरावा म्हणून कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावून दाखवा, अशी त्यांच्यापुढे अट होती. ज्यांचे डोळेच हिरावले गेले त्यांनी डोळे मिचकावून आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावयाचे! कॅप्चा ह्याच अटीचा थोरला भाऊ आहे.

सरकारला आणि कंपन्यांना बोल लावणे सोपे आहे. आपल्या अंगणात काय आहे? आपल्या पतसंस्था, शाळा, रुग्णालये आणि धर्मग्रामे ह्यांचीही संकेतस्थळे आता आहेत. शाळेचा प्रवेशअर्ज, पतसंस्थेचे खाते, मिस्साच्या हेतूंची नोंद ह्यांच्या शेवटी ती चौकट असेल तर ती कोणाच्या सांगण्यावरून बसविली, हे कधी कोणी विचारले आहे काय? बहुधा संकेतस्थळ करून देणाऱ्याने ती बसविली आणि आपण पावती फाडली. आम्ही विश्वस्त मंडळांना इतकेच सुचवितो, की एका संध्याकाळी एखाद्या अंध बंधुभगिनीला सन्मानाने बोलवावे, आपले संकेतस्थळ तिच्यापुढे ठेवावे आणि कोठे अडते ते पाहावे. जेथे अडेल ते काढून टाकावे. पुढील कराराच्या वेळी ही अट लेखी घालावी. ह्याला मोठा खर्च लागत नाही.

यरीहोच्या वाटेवर बार्तिमय ओरडत होता तेव्हा लोकांनी त्याला गप्प बसविण्याचा प्रयत्न केला. प्रभू थांबला, त्याला बोलावून घेतले आणि काय हवे ते त्यालाच विचारले. त्याचे नाव, गाव, पुरावा काही मागितला नाही. हाक मारणारा मनुष्य आहे, एवढे त्या हाकेवरूनच प्रभूला पुरेसे होते. आपल्या दाराशी मास्तर उभे आहेत. ते मनुष्य आहेत की नाहीत, हा प्रश्न आपण आणखी किती दिवस विचारणार आहोत?