गाईचे हृदय आणि वैरणीतील तार

जैन घरात 'जीवदया' हा शब्द बालपणीच कानांवर पडतो. पाणी गाळणे, धान्य निवडणे, सूर्यास्तापूर्वी भोजन करणे हे त्याच शब्दाचे आचरण होय. तथापि एका बोटभर तारेने गाईचे हृदय निकामी होऊ शकते, हे पुष्कळ श्रावक कुटुंबांना ज्ञात नसते.

हृदयाभोवती दुपदरी पातळ आवरण असते. त्याला सूज येऊन आत पाणी किंवा पू साचला, की हृदयावर बाहेरून दाब येतो. हृदय पुरेसे भरत नाही व शरीराला रक्त कमी पडते. हा विकार माणसाला होतो, तसाच गाईम्हशींनाही. कारणे मात्र निराळी. माणसात तो अनेकदा विषाणूंमुळे, तर आपल्या देशात क्षयामुळेही होतो. गाईम्हशींत त्याचे प्रमुख कारण म्हणजे पोटात गेलेली तार, खिळा किंवा सुई.

गाय चारा फारसा न चावता गिळते आणि नंतर सावकाश रवंथ करते. त्यामुळे चाऱ्यातील टोकदार वस्तू तिला जाणवत नाही. ती पोटाच्या जाळीदार कप्प्यात जाऊन पडते. हा कप्पा साधारण मिनिटाला एकदा आकुंचन पावतो. त्याच्यापुढे श्वासपटल आणि लगेच पलीकडे हृदय. प्रत्येक आकुंचनासरशी तार पुढे रेटली जाते. गाभणपणाच्या अखेरीस व विताना हा धोका वाढतो.

माणसाच्या छातीत कळ आली, तर तो सांगू शकतो. पुढे वाकून बसल्यावर बरे वाटते, हेही सांगतो. गाय केवळ उभे राहण्याची ढब बदलते. पाठीला बाक येतो, पुढच्या पायांची कोपरे बाहेर वळतात, उतारावर ती चालू पाहत नाही. वैरण सुटते, दूध एकाएकी घटते. पुढे मानेच्या शिरा फुगतात, गळ्याखालची पोळी व छाती सुजते.

माणसाच्या हृदयाभोवतीचे पाणी इको तपासणीत दिसते व सुईने काढता येते. गाईच्या हृदयाभोवती दाट पू साचल्यावर उपचार क्वचितच यशस्वी होतात. त्याआधी निदान झाले, तर पशुवैद्य डाव्या कुशीतून पोट उघडून तार काढू शकतात. म्हणून पहिल्या लक्षणालाच त्यांना बोलवावे.

त्याहून सोपा उपाय प्रतिबंधाचा. पशुवैद्य बोटाएवढे गुळगुळीत चुंबक गाईला गिळवतात. ते जाळीदार कप्प्यात कायम राहते आणि लोखंडी तुकडे धरून ठेवते. गाईला आधीच चुंबक दिले आहे किंवा नाही, हे छातीजवळ होकायंत्र धरूनही कळते. मात्र तांबे, ॲल्युमिनियम व प्लास्टिक यांवर चुंबकाचा उपयोग नाही. तेथे माणसाची सावधगिरीच हवी.

या सावधगिरीला जैन आचारशास्त्रात नाव आहे. साधूंच्या पाच समितींपैकी आदान-निक्षेपण समिती वस्तू उचलताना व ठेवताना, तर उत्सर्ग समिती टाकाऊ पदार्थ टाकताना जीवरक्षण शिकवते. ही व्रते मुनींची असली, तरी त्यांतील विवेक श्रावकानेही घ्यावा असाच आहे. कोल्हापूर-सांगली भागातील शेतकरी जैन कुटुंबांच्या दारी आजही गाईम्हशी आहेत. कडब्याच्या पेंढ्या तारेने बांधू नयेत. कुट्टी करण्यापूर्वी वैरण पाहावी. गोठ्याजवळ टायर जाळू नयेत, कारण रबर जळते आणि तारा मागे उरतात. शहरातील कुटुंबांनी सुया, टाचण्या, भांडी घासण्याची तार भाजीच्या देठांत मिसळू नये आणि शिळे अन्न पिशवीची गाठ मारून रस्त्यावर ठेवू नये. पांजरपोळाला दान देताना चाऱ्याबरोबर चुंबकांसाठीही रक्कम द्यावी.

जाणूनबुजून हिंसा न करणे ही अहिंसेची पहिली पायरी. आपल्या प्रमादाने हिंसा घडू नये म्हणून जागरूक राहणे ही पुढची. गाईला घास भरवणारा हात पुण्याचा खरा; पण त्या घासात तार नाही ना, हे आधी पाहणारा हात त्याहून अधिक दयेचा.