भांडण कंपन्यांचं, भुर्दंड घराचा

आमच्याकडे मुलीच्या आईनं अक्षता बघायच्या नसतात. मंगलाष्टकं सुरू झाली की ती मांडवातून उठते आणि तुळशीला पाणी घालत बसते. 2007 च्या मे महिन्यात माझ्या मावसबहिणीचं लग्न महाडला झालं, तेव्हा मावशीनंही तेच केलं. हॉलला तुळस कुठली? कुणीतरी कुंडी आणून मागच्या दाराशी ठेवली होती. भटजींचा आवाज कर्ण्यातून बाहेर येत होता आणि मावशी हातात तांब्या घेऊन पाठमोरी उभी होती. मी जवळ गेलो तर म्हणाली, "असू दे रे. शूटिंगमध्ये बघीन."

शूटिंगवाल्यानं जूनमध्ये डिस्क दिली. मावशीचं गाव पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला. पाऊस लागला होता. मी एसटीनं डिस्क घेऊन गेलो. शेजारच्या बायका हातातली कामं टाकून आल्या. थोरल्या मुलानं मुंबईहून आणलेला डीव्हीडी प्लेअर टीव्हीवरच ठेवलेला असायचा, त्यावर क्रोशाचा रुमाल. रुमाल निघाला, ट्रे बाहेर आला, डिस्क आत गेली. घरघर झाली, काचेमागे हिरवी अक्षरं उमटली : लोडिंग. मग बराच वेळ तेच. मग : नो डिस्क.

मावशीनं डिस्क काढली, पदरानं पुसली, परत घातली. नो डिस्क. तिसऱ्यांदा तिनं ती देव्हाऱ्यापुढे नेऊन मग घातली. बायका एकेक करून उठल्या.

पुढच्या महिनाभरात ती डिस्क तीनदा महाडला आली. शूटिंगवाला म्हणाला, "प्लेअर जुना झालाय, नवीन घ्या." प्लेअरच्या दुकानात सांगितलं, "डिस्क हलकी आहे, चांगल्या कंपनीची मागा." दोघंही खोटं बोलत नव्हते. दोघांनाही खरं कारण ठाऊक नव्हतं, एवढंच. शेवटी टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरानं डिस्क घेतली आणि तिच्यावर छापलेलं बारीक अक्षर बोटानं दाखवलं. अधिकचं चिन्ह आणि पुढे आर. "ही प्लस आहे. तुमचा प्लेअर मायनस खातो."

या दोन चिन्हांमागे एक भांडण होतं. लिहिता येणारी डीव्हीडी पहिल्यांदा पायोनियरनं 1997 मध्ये आणली, ती 'मायनस आर'. डीव्हीडी फोरम या कंपन्यांच्या संघटनेची तिला मान्यता होती. मग सोनी, फिलिप्स, एचपी वगैरे कंपन्यांनी वेगळी चूल मांडली आणि 2002 मध्ये 'प्लस आर' बाजारात आली. दोन्ही 12 सेंटिमीटर व्यासाच्या, दोन्हींची क्षमता 4.7 जीबी, दोन्ही चकचकीत, मधलं भोकही तेच. फरक होता तो डिस्कवर खुणा कोरण्याच्या पद्धतीत, आणि आपली जात कोणती हे डिस्क प्लेअरला ज्या नोंदीतून सांगते त्या नोंदीत. काही जुने प्लेअर अनोळखी नोंद वाचली की डिस्क नाकारत. काचेवर मात्र 'ही डिस्क माझ्या ओळखीची नाही' असं येत नसे. 'डिस्कच नाही' असं येई. डिस्क आत असताना यंत्र ती नसल्याचं सांगतं आणि माणूस स्वतःला दोष देतो, आपण नीट घातली नसेल, आपला हात ओला असेल. मावशीला कितीतरी दिवस वाटत होतं की तिनं पदरानं पुसली म्हणून ती बिघडली.

हे सांगितलं की समोरून ठरलेलं उत्तर येतं. स्पर्धा आहे म्हणून तर वस्तू स्वस्त होतात. दोन कंपन्या भांडल्या की ग्राहकाचा फायदा. अर्थशास्त्र शिकलेली माणसंही हे म्हणतात, म्हणून याचा नीट समाचार घ्यायला हवा.

स्पर्धेनं भाव उतरतात हे खरंच आहे. पण कोणत्या स्पर्धेनं? मोझर बेअर या भारतीय कंपनीनं 2007 च्या सुमारास सिनेमाची व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढली. तोपर्यंत महाडच्या बाजारात अस्सल डिस्क घेणं हा श्रीमंतांचा शौक होता, बाकीच्यांची भिस्त भाड्याच्या किंवा चोरीच्या सीडीवर. 28 रुपये परवडले कारण ती डिस्क कुणाच्याही घरातल्या, कुठल्याही कंपनीच्या प्लेअरवर लागत होती. ठरलेल्या एकाच मापात सगळे कारखाने झुंजले आणि ग्राहक जिंकला. ही झाली स्पर्धा. मापच वेगळं करून गिऱ्हाईक आपल्या गोठ्यात बांधून ठेवणं ही स्पर्धा नव्हे. तिथे स्वस्ताई दिसते ती आमिषाची.

त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण त्याच वर्षी जगासमोर घडत होतं. निळ्या लेसरची नवी डिस्क आली होती, चित्र पाचसहा पट बारकाईचं. पण तोशिबाची एचडी डीव्हीडी एकीकडे आणि सोनीच्या गटाची ब्लू-रे दुसरीकडे. दोन्हींचा लेसर एकाच तरंगलांबीचा, 405 नॅनोमीटर. फरक थरांचा : ब्लू-रेमध्ये माहितीचा थर पृष्ठभागापासून अवघ्या 0.1 मिलिमीटरवर, एचडी डीव्हीडीत 0.6 मिलिमीटरवर, एका थरात पहिलीत 25 जीबी, दुसरीत 15. माल विकायला काढण्याआधी, 2005 मध्ये, दोन्ही बाजूंची एकत्र येण्याची बोलणी झाली होती. ती फिसकटली आणि 2006 मध्ये दोन्ही डिस्क बाजारात उतरल्या. सिनेमा काढणाऱ्या कंपन्या वाटल्या गेल्या. पॅरामाउंट 2007 च्या ऑगस्टमध्ये फक्त एचडी डीव्हीडीच्या बाजूला गेली, तर वॉर्नरनं 2008 च्या 4 जानेवारीला ब्लू-रेची बाजू घेतली. 2007 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत एचडी डीव्हीडीचा प्लेअर 100 डॉलरच्या आत मिळू लागला आणि लोकांनी तो रांगा लावून नेला. 2008 च्या 19 फेब्रुवारीला तोशिबानं आपण हे थांबवत असल्याचं जाहीर केलं. भाव उतरला खरा. मग त्या स्वस्ताईत फायदा कुणाचा झाला? साडेतीन महिन्यांत निराधार होणारी वस्तू अर्ध्या किमतीत मिळाली तरी ती महागच.

दुसरा आक्षेप जास्त टोचतो, कारण त्यात ग्राहकालाच दोषी धरलेलं असतं. घाई कुणी सांगितली होती? निकाल लागेपर्यंत थांबायचं.

थांबणं हा सवड असलेल्यांचा सल्ला आहे. महाड-पोलादपूरच्या गावांत यंत्र कधी घेतलं जातं? मुंबईकर मुलाला बोनस मिळतो तेव्हा. गणपतीला घर भरतं तेव्हा. लग्न ठरतं तेव्हा. पूर्वी गौरी-गणपतीच्या जागरणाला व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही एका रात्रीच्या भाड्यानं यायचा, अख्खी वाडी ओटीवर बसून सकाळपर्यंत तीन पिक्चर बघायची. आखातात कामाला गेलेल्यांनी तिकडून व्हीसीआर आणले तेव्हा ते घर गावात ओळखलं जाऊ लागलं. पुढे शक्ती-तुऱ्याच्या सीड्या निघाल्या आणि चाकरमानी त्या मुंबईहून आणू लागले. यातली कुठलीही खरेदी बाजाराचा कल पाहून झालेली नाही. ती घरातल्या प्रसंगाला धरून झाली, आणि प्रसंग थांबत नाही. माझ्या मावसबहिणीनं प्लस-मायनसचा निकाल लागेपर्यंत लग्न पुढे ढकलायचं होतं का?

शिवाय थांबायला आधी कळायला तर हवं. खोक्यावरचं अक्षर इंग्रजी, तेही मुंगीएवढं. मुंबईत माणूस वस्तू परत करायला लोकलनं दुकानात जातो. इथून प्लेअर परत करायचा म्हणजे तो पाठीवर मारून पाचसहा तासांचा एसटीचा प्रवास आणि पडलेला खाडा. आता कुणी म्हणेल, ग्राहक मंच कशाला होते? महाराष्ट्रात ग्राहक चळवळ जुनी, मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून उभी आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा पहिल्यांदा 1986 मध्ये आला. या चळवळीबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण जिल्ह्याचा मंच होता अलिबागला. दोन हजारांच्या प्लेअरसाठी पोलादपूरच्या डोंगरातली बाई अलिबागला किती तारखांना गेली असती? आणि गेलीच असती तर सांगणार काय होती? कायदा वस्तूतला दोष विचारतो, सेवेतली त्रुटी विचारतो. मावशीचा प्लेअर निर्दोष होता. डिस्कही निर्दोष होती. दोष त्या दोघांच्या मधल्या जागेत होता, आणि त्या जागेला मालक नाही. ती जागा ज्यांनी तयार केली त्यांचं नाव कुठल्याच पावतीवर नसतं.

तिसरं म्हणणं असं की आधीच एक माप ठरवलं तर संशोधन गोठेल. हे इतिहासाला धरून नाही. डीव्हीडीचाच जन्म पाहा. 1994-95 मध्ये असंच भांडण पेटत होतं : एकीकडे तोशिबा आणि टाइम वॉर्नरचा गट, दुसरीकडे सोनी आणि फिलिप्स. तेव्हा आयबीएम, अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट, एचपी, कॉम्पॅक या संगणकाच्या कंपन्यांनी निक्षून सांगितलं की एक डिस्क ठरवा, नाहीतर आम्ही दोन्ही घेणार नाही. 1995 मध्येच तडजोड झाली. दोन्ही बाजूंच्या तंत्रातलं काही काही घेऊन एक डीव्हीडी तयार झाली आणि ती जगभर पसरली. मोठे ग्राहक एकजुटीनं अडून बसले तर भांडण खरेदीच्या आधी मिटतं, याचा हा पुरावा आहे. आणि गोठलं काहीच नाही. तिच्यानंतर ब्लू-रे आलीच, आणि ब्लू-रेचे प्लेअर जुन्या डीव्हीडीही वाजवतात. नवं आणायला कुणाची हरकत नाही. नव्यानं जुन्याला ओळख द्यावी, एवढंच मागणं.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. दोन मापांचं भांडण माल विकायला काढण्याआधी मिटवलं पाहिजे, आणि मिटवलं नाही तर हरणाऱ्या मापाचा भुर्दंड ते विकणाऱ्यानं भरला पाहिजे. हे अशक्य नाही, अर्धंमुर्धं घडलेलंही आहे. एचडी डीव्हीडी बुडाल्यावर अमेरिकेत बेस्ट बाय या दुकानसाखळीनं ते प्लेअर घेतलेल्यांना 50 डॉलरची भेटकुपनं दिली. वॉर्नरनं तिकडच्या लोकांना त्यांच्या एचडी डीव्हीडीच्या बदल्यात पाचएक डॉलर घेऊन तोच सिनेमा ब्लू-रेवर दिला. जे तिथे चालतं ते इथे उपकार म्हणून नको, नियम म्हणून हवं. सरकारला मनात आलं तर माप ठरवता येतं. युरोपीय संघात 28 डिसेंबर 2024 पासून नव्या मोबाइलला टाइप-सी चार्जिंग सक्तीचं झालं. आपल्या भारतीय मानक ब्युरोनंही 2023 च्या जानेवारीत टाइप-सीचं मानक काढलं. चार्जरचं जमतं तर ज्यात माणसांचे चेहरे आणि आवाज साठवलेत त्याचं का नाही? आणि खोक्यावर मराठीत, डोळ्यांना दिसेल अशा अक्षरात, या यंत्रावर काय लागतं आणि काय लागत नाही ते छापायला तर कुठलं संशोधन लागतं?

शेवटचा आक्षेप : हे सगळं आता जुनं झालं, डिस्कच संपली, कशाला उगाळायचं?

2007 च्या पावसाळ्यात त्या कारागिरानं मावशीच्या डिस्कवरून तीन व्हीसीड्या करून दिल्या. चित्र थोडं भुरकट झालं, पण लागलं. मावशीनं अक्षता पाहिल्या, लग्नाला तीन महिने होत आले तेव्हा. मूळ डिस्क महाडला आमच्या घरीच राहिली. 22 जुलै 2021 च्या रात्री सावित्री नदीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. तिथे ज्यांची माणसं गेली त्यांच्यापुढे आमच्या नुकसानीचं नावही काढू नये. पण चिखल उपसताना कपाटाच्या तळाशी ती प्लस आर सापडली. नळाखाली धरली तर गाळ निघून गेला आणि ती चकचकीत झाली. डीव्हीडीत माहितीचा थर प्लास्टिकच्या दोन चकत्यांच्या मधोमध असतो, तो शाबूत होता. मावशीकडच्या सीड्या मात्र ओलीत राहून गेल्या होत्या, कारण सीडीत तो थर वरच्या लेबलाच्या लगेच खाली असतो. लेबलाला पोपडे सुटले आणि त्यांच्याबरोबर चंदेरी थरही आला. पुरातून वाचलेली डिस्क लावायला बाजारात प्लेअर मिळेना. लॅपटॉपला ट्रे नाही. शेवटी एका मुलाकडे बाहेरून जोडायचा ड्राइव्ह निघाला. त्यानं प्लस-मायनस काही विचारलं नाही, सगळं उतरवून पेनड्राइव्हवर दिलं.

मी तो घेऊन वर गेलो. मावशीकडे आता भिंतीवरचा नवा टीव्ही. पेनड्राइव्ह मागे खोचला, पडद्यावर लग्नाच्या फाइलचं नाव आलं. मावशी चष्मा लावून पुढे सरकून बसली. मी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, ती मी तिला वाचून दाखवली : फॉरमॅट नॉट सपोर्टेड.

मावशीनं चष्मा काढला. "म्हणजे," ती म्हणाली, "आता कुठली आणायची?"