स्टोमाची पिशवी गळते ती मापामुळे

मोठ्या आतड्याचा किंवा मूत्राशयाचा कर्करोग, अपघात, आतड्याला पडलेले छिद्र अशा कारणांनी काही रुग्णांच्या पोटावर शस्त्रक्रिया करून मल किंवा मूत्र बाहेर पडण्यासाठी तोंड तयार करावे लागते. त्याला स्टोमा म्हणतात. त्यावर चिकटवलेल्या पिशवीत मलमूत्र जमा होते. शस्त्रक्रियेने जीव वाचतो; पण पिशवी चारचौघांत गळेल या धास्तीने अनेक जण कामावर, लग्नकार्याला, एसटीच्या प्रवासाला जाणे टाळतात.

१८ जुलै २०२२ पासून या पिशव्या, फ्लँज, पेस्ट, पट्टे यांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. हा दिलासा खरा आहे, पण पुरेसा नाही. मापात न बसलेली पिशवी स्वस्त मिळाली तरी गळणारच.

शस्त्रक्रियेनंतर सूज उतरत जाते आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांत स्टोमा लहान होतो. सुरुवातीच्या मापाने कापलेले फ्लँजचे भोक मग मोठे पडते आणि उघड्या त्वचेला मल लागतो. लहान आतड्याच्या स्टोमातून येणाऱ्या पातळ मलातील पाचक रसांनी कातडी सोलवटते. अशा ओल्या कातडीवर पुढची पिशवीही टिकत नाही.

म्हणून या काळात दर आठवड्याला माप घ्यावे. भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे असावे. कातडी साध्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. तेल किंवा साधे क्रीम लावू नये. पिशवी निम्मी भरण्याआधीच रिकामी करावी. फ्लँजखाली खाज किंवा जळजळ जाणवली तर आत गळती सुरू झाल्याची शक्यता असते. तेव्हा वरून चिकटपट्टी न लावता फ्लँज बदलावा. पोटावरचे खड्डे, वळ्या पेस्टने किंवा रिंगने भरता येतात. आत ओढल्या गेलेल्या स्टोमाला बहिर्गोल फ्लँज लागतो. मात्र तो तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

अडचण नेमकी इथेच येते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात स्टोमा परिचारिकांना प्रशिक्षण मिळते, पण लहान गावांत असा सल्ला सहजी मिळत नाही. कर कमी झाला, तशीच घरी पाठवलेल्या रुग्णाला सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावून माप घेण्याची सोय जिल्हा रुग्णालयांत झाली, तर अनेकांची घराबाहेर पडण्याची भीती जाईल.