कोळशाची पूड घरात नको, आरोग्य केंद्रात हवी

पोट बिघडले, बाहेरचे खाणे बाधले किंवा चुकून काही विषारी पोटात गेले, तर काळ्या कॅप्सूल घ्या, कोळसा सगळे विष शोषून घेतो, असा सल्ला मोबाइलवरून घरोघरी पोचला आहे. ‘अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल’ या नावाने या कॅप्सूल घरबसल्या मागवता येतात. त्याच नावाचे औषध रुग्णालयांच्या अपघात विभागातही खरोखर वापरले जाते, म्हणून सल्ला चटकन पटतो. पण नाव एक असले तरी मात्रेत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

विषबाधा झालेल्या प्रौढ रुग्णाला रुग्णालयात ही पूड एका वेळी ५० ते १०० ग्रॅम दिली जाते. लहान मुलांसाठी वजनाच्या दर किलोमागे साधारण एक ग्रॅम. पाण्यात कालवलेला हा काळा रबडा गिळणे मोठ्या माणसालाही जड जाते. बाजारातल्या एका कॅप्सूलमध्ये २५० मिलिग्रॅमच्या आसपास पूड असते. म्हणजे रुग्णालयातल्या कमीत कमी मात्रेसाठी अशा २०० कॅप्सूल गिळाव्या लागतील. दोन-चार कॅप्सूल घेऊन ‘औषध घेतले’ असे समाधान मानणे म्हणजे घराला आग लागल्यावर तांब्याभर पाणी ओतून निर्धास्त होण्यासारखे आहे.

कोळशाच्या अंगी गुण आहे, यात शंका नाही. करवंटी किंवा लाकूड हवेशिवाय तापवून झालेला कोळसा पुन्हा खूप तापमानाला वाफेत किंवा रसायनांत तापवला, की त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात. या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरता आल्या, तर एक ग्रॅम पुडीचे क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या घरात जाते, म्हणजे कबड्डीची सातेक मैदाने झाली. या भिंतींना अनेक रसायनांचे रेणू चिकटून बसतात. विज्ञानाच्या पुस्तकात यालाच अधिशोषण म्हणतात. स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या फिल्टरमधला कार्बन हेच काम करतो. पोटात कोळसा स्वतः पचत नाही, रक्तात जात नाही, आणि चिकटलेले विष घेऊन शौचावाटे बाहेर पडतो. चुलीतला कोळसा, राख किंवा करपलेली भाकरी यांत अशी छिद्रे नसतात. करपलेला पाव, कडक चहा आणि मॅग्नेशियाचे दूध यांचे मिश्रण एकेकाळी पाश्चात्त्य प्रथमोपचाराच्या पुस्तकांत ‘सर्व विषांवरचा उतारा’ म्हणून छापले जात असे. ते निरुपयोगी ठरून गेले, तरी त्यामागची समजूत अजून शिल्लक आहे.

कोळशाची कीर्ती पसरली ती दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये. तुएरी नावाच्या औषधनिर्मात्याने १८३१ मध्ये फ्रेंच वैद्यक अकादमीच्या सदस्यांसमोर कुचल्यातले स्ट्रिक्नीन हे जहाल विष कोळशाबरोबर गिळले आणि तो जिवंत राहिला, ही गोष्ट विषशास्त्रात हमखास सांगितली जाते. ऐकणारे धाडसाकडे बघतात, पण खरी मेख ‘कोळशाबरोबर’ या शब्दात आहे. त्याने विष आणि उतारा एकत्रच घेतले होते. प्रत्यक्षात विष आधी पोटात जाते आणि कोळसा मागून येतो. विष जठरातून पुढे सरकून रक्तात मिसळू लागले, की पोटातल्या कोळशाला फारसे काही पकडता येत नाही. म्हणूनच अमेरिका आणि युरोपातल्या विषतज्ज्ञांच्या संघटनांनी १९९७ मध्ये एकत्रितपणे सांगितले आणि २००५ मध्ये पुन्हा बजावले, की कोळसा सरसकट देऊ नये. विष घेऊन साधारण तासाभराच्या आत रुग्ण आला आणि ते विष कोळशाला चिकटणारे असेल, तरच त्याचा विचार करावा. फेनोबार्बिटल, डॅप्सोन अशी थोडी औषधे रक्तातून पुन्हा आतड्यात उतरतात. त्यांच्यासाठी नंतरही पुन्हा पुन्हा मात्रा देतात, पण ते काम रुग्णालयाचेच.

सगळी विषे कोळशाला चिकटतही नाहीत. घरातल्या लहान मुलांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे. आईसाठी आणलेल्या लोहाच्या गोळ्या मूल गोड समजून खाते, त्या लोहावर कोळसा चालत नाही. संडास साफ करायचे आम्ल, कॉस्टिक, रॉकेल, टर्पेंटाइन आणि दारू यांवरही नाही. आम्लाने अन्ननलिका भाजली असेल, तर काळ्या पुडीमुळे दुर्बिणीतून आतली जखमही नीट दिसत नाही. रॉकेल प्यायलेल्या मुलाला कोळसा पाजताना उलटी झाली, तर रॉकेल फुप्फुसात जाते, आणि अशा मुलाच्या जिवाला खरा धोका तिथेच असतो. गुंगीत असलेल्या कोणत्याही रुग्णाच्या तोंडात पूड ओतली, तर ती श्वासनलिकेत उतरू शकते. साप चावला किंवा विंचवाने नांगी मारली, तर विष पोटात नसतेच. तिथे कोळसा काय करणार?

भारतीय उपखंडातल्या विषबाधेबाबत सर्वांत मोलाचे पुरावे श्रीलंकेतून आले आहेत. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे आपल्याकडच्या बिट्टीच्या, बिया खाल्लेल्या ४०१ रुग्णांवर तिथे एक चाचणी झाली आणि २००३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्वांना कोळशाची पहिली मात्रा दिली गेली. मग एका गटाला तीन दिवस ती पुन्हा पुन्हा दिली, तेव्हा त्या गटात ५ आणि दुसऱ्या गटात १६ मृत्यू झाले. आशा वाढली. मग तिथल्याच तीन रुग्णालयांत साडेचार हजारांहून अधिक रुग्णांवर मोठी चाचणी झाली. त्यांतल्या निम्म्या जणांच्या पोटात कीटकनाशके गेली होती, सुमारे एकतृतीयांश जणांनी बिट्टीच्या बिया खाल्ल्या होत्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कोळसा अजिबात न मिळालेल्यांपैकी ६.८ टक्के दगावले, आणि अनेक मात्रा मिळालेल्यांपैकी ६.३ टक्के. हा फरक योगायोगाच्या पलीकडचा मानता येत नाही. गावातून निघून एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात पोचेपर्यंत तास निघून जातात, हे चित्र महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. (ज्यांच्या घरी कोणी मनाने खचलेले आहे, त्यांनी वेळ येण्याआधीच टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे.)

यवतमाळमध्ये २०१७ च्या हंगामात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजूर आजारी पडले, वीसहून अधिक दगावले. त्यांच्या अंगात विष गेले ते श्वासातून आणि कातडीतून. अशा वेळी भिजलेले कपडे काढणे, साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुणे आणि तातडीने रुग्णालय गाठणे, एवढेच गावात करता येते. कोळशाच्या बाटलीचा तिथे काहीच उपयोग नव्हता.

आता पोटाच्या तक्रारी. इथे कोळशाला थोडे श्रेय द्यायला हवे. जेवणाआधी निदान अर्धा तास एक ग्रॅम आणि जेवणानंतर एक ग्रॅम घेतल्यास पोटातला जास्तीचा वायू कमी होतो, हा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ मध्ये मान्य केला. तोही फक्त वायूपुरता. जुलाब आणि उलट्यांत माणूस दगावतो तो शरीरातले पाणी आणि क्षार कमी झाल्याने, आणि कोळसा ते भरून काढत नाही. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आणले. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, ही जलसंजीवनी आजही काळ्या कॅप्सूलपेक्षा स्वस्त आणि शंभर पटींनी खात्रीची आहे. चमचा मात्र चहाचा हवा.

‘शरीरातली घाण काढण्यासाठी’ रोज कोळसा घेण्याचे फॅड तर निव्वळ नुकसानीचे आहे. घाण काढायला यकृत आणि मूत्रपिंड आहेत, आणि रोज पोटात तयार होणारे असे काही विष नसते जे कोळसा शोधून उचलील. तो उचलतो ती औषधे. गर्भनिरोधक गोळी, फिट्सची गोळी, हृदयाचे डिगॉक्सिन यांच्या मागोमाग कोळसा घेतला, तर त्या गोळीचा असर कमी होतो आणि घेणाऱ्याला पत्ताही लागत नाही. शौचाला काळे होऊ लागते, मग जठरातल्या रक्तस्रावाने झालेला काळेपणाही ‘कोळशामुळेच’ म्हणून दुर्लक्षित होऊ शकतो. बद्धकोष्ठता वेगळीच. काळे आइस्क्रीम, काळे बर्गर यांची लाट आली, तेव्हा न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाने २०१८ मध्ये हॉटेलांतल्या कोळशावर बंदीची कारवाई केली. आपल्याकडे मात्र हा माल नैसर्गिक असल्याच्या बिल्ल्यावर खपतो. बिट्टीची बीसुद्धा नैसर्गिकच असते.

एक प्रश्न मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. दुर्गम पाड्यावरून रुग्णालय गाठायला तीन तास लागत असतील, तर तासाभराची मुदत वाटेतच संपते. मग पूड घरातच का ठेवू नये? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००३ मध्ये याच प्रश्नाचा विचार केला. उलटीचे औषध घरी देणे बंद करा, असे तिने सांगितले, आणि कोळसा घरी देण्याचा सल्लाही दिला नाही. मुले तो पुरेसा पीत नाहीत, आणि काय प्यायले आहे याचा अंदाज पालकांना नीट करता येत नाही. आपल्याकडे आणखी एक भर पडते: औषध दिले, आता बघू, असे म्हणून निघायला उशीर होतो. हा उशीर सर्वांत महाग पडतो.

घर आणि मोठे रुग्णालय यांच्यामध्ये प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, आणि ही पूड असायला हवी ती तिथे. देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत ती आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही आहे. यादीत असणे आणि रात्री अकरा वाजता केंद्राच्या कपाटात असणे, या दोन गोष्टी जुळतात का, हे जिल्हा परिषदेच्या सभेत विचारायला हरकत नाही. श्वासनलिका सुरक्षित आहे का, हे पाहू शकणारी परिचारिका आणि विषाचे नाव ऐकून फोनवर सल्ला देणारा डॉक्टर असेल, तर ती पूड काही जीव वाचवील. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास असा सल्ला देते. पण किती आरोग्य केंद्रांच्या भिंतीवर त्याचा दूरध्वनी क्रमांक लावलेला असतो?

घरी करायचे ते थोडेच आहे. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून ओकारी काढू नये. मिठाचा अतिरेक स्वतःच घातक ठरू शकतो. माणूस गुंगीत असेल, तर त्याला कुशीवर झोपवावे आणि तोंडात काहीही घालू नये. १०८ ला फोन करावा, आणि गाडी यायला वेळ असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. निघताना बाटली, गोळ्यांचे पाकीट किंवा खाल्लेले फळ पिशवीत घालून बरोबर न्यावे. बाटलीवरचे तांत्रिक नाव डॉक्टरांना वाचता आले, तर कोळसा द्यायचा की नाही हे मिनिटभरात ठरते.